दुसरा हात

मिरज स्टेशनवर गाडी लागली तेव्हा माझ्या बॅगेवरचं नाव अजून ओलं होतं. माझे वडील, अप्पा, बोर्ड पेंटर. मिरजेतल्या निम्म्या डॉक्टरांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मुलगी नर्स म्हणून बर्मिंगहॅमला निघाली आणि बॅगेवर नाव नाही, हे त्यांना कसं खपणार! त्यांनी ऑइलपेंटने 'शैला' लिहिलं आणि रंगाचा दुसरा हात मारायच्या आत रिक्षा आली. "राहू दे," म्हणाले. "दोन वर्षांची तर गोष्ट. परत आलीस की मारू दुसरा हात." मुंबईला पोचेपर्यंत त्यातला निम्मा रंग माझ्या नव्या कोटाला लागला होता.

दोन वर्षांची सहा झाली. वॉर्ड, बसपास, कौन्सिल टॅक्स, पर्मनंट पोस्ट, मग एक छोटा फ्लॅट. फ्लॅट घेतल्याचं अप्पांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. तिकडे फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवून घेणारे संपले. त्यातच अप्पांचा हात थरथरायला लागला. त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. कॉलिंग कार्ड खरवडून मी दर रविवारी फोन करायचे. "अप्पा काय करतायत?" "बसलेत," आई म्हणायची. त्या एका शब्दाची मला भीती वाटायला लागली होती.

लायब्ररीत जपानी कॅलिग्राफीच्या क्लासची नोटीस दिसली. शनिवारी सकाळी, कम्युनिटी हॉलमध्ये. ब्रशचा फोटो बघून गेले, दुसरं कारण नाही. शिकवणाऱ्या मिचिकोबाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या. टेबलावर फेल्टचं जाड काळं कापड, त्यावर पातळ कागद, कागद हलू नये म्हणून लोखंडी पट्टी. बकरीच्या केसांचा ब्रश. काजळीची घट्ट कांडी दगडी तबकात पाण्याबरोबर घासत बसायचं, तेव्हा कुठे शाई होते. आपल्याकडे चंदन उगाळतात ना, तसंच.

मी पेंटरची मुलगी! पहिल्याच दिवशी पेन्सिलने अक्षराची आउटलाइन काढली, आत शाई भरली, कडा पुन्हा गिरवून नीट केल्या. कागद भिजून फाटला. मिचिकोबाई शांतपणे म्हणाल्या, "शैला, नो रिपेअर." रेघ एकदाच. हात हलला तर हललेली दिसू द्यायची, वरून गिरवायचं नाही. मला रागच आला, म्हटलं हे कसलं काम! पण बसमध्ये बसल्यावर अप्पांचा हात आठवला आणि माझं मलाच रडू आलं.

पुढच्या आठवड्यात ब्रश, कांडी, दगड आणि कागदांचा गठ्ठा मिरजेला पोस्ट केला. पार्सल पोचल्यावर अप्पा स्वतः फोनवर आले.

"काय गं, काजळाची कांडी कशाला पाठवलीस? यात रॉकेल किती घालायचं?"

"पाणी, अप्पा. नुसतं पाणी."

"आणि दुसरा हात कधी मारायचा?"

"नाही मारायचा. हात हलला तरी चालतं त्यात."

"चालतं? मग ते गिऱ्हाइकाला काय तोंडाने द्यायचं?" असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. मी त्यांना दुखावलं असं वाटून पुढचे दोन रविवार मी त्यांच्याबद्दल विचारलंच नाही. तिसऱ्या रविवारी आईच वैतागून म्हणाली, "बोटं काळी करून बसलेत. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत."

महिन्याभराने पाकीट आलं. आत जपानी कागदावर माझं नाव, देवनागरीत, प्रत्येक रेघ एकदाच ओढलेली. वरच्या दोन्ही मात्रा थरथरलेल्या. मागे पेन्सिलने एक ओळ होती: "दुसरा हात मारलेला नाही. नव्या घराच्या दारावर लाव."

माझ्या दारावर तोवर फक्त नंबर होता. मी कागद फ्रेम करून त्याच्याखाली लावला. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडून अजून मिरजच येतं. पण नाव लिहिलेली ती बॅग मी त्या शनिवारी जुन्या वस्तू घेणाऱ्या चॅरिटी शॉपला देऊन टाकली. आता तिच्यावरच्या दुसऱ्या हाताची वाट अप्पाही बघत नव्हते.