फाटकापर्यंत आजोबांचा ट्रॅक्टर

मुलांनो,

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, सगळ्या फोटोंत आजोबांचा ट्रॅक्टर फाटकापाशीच का उभा असतो?" फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

सांडोरची आपली वाडी तुम्ही पाहिलीत तेव्हा निम्मी उरली होती. तुमचे बाबा शाळेत जात तेव्हा पुढे केळी, मधे बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं आपलं तळं, आणि मागे भाताचं शेत होतं. फाटकाबाहेर मातीची वाट होती. तिच्यावरून आजोबा ट्रॅक्टर कुठेही नेत. पुढे ती वाट रुंद झाली, डांबर पडलं, आणि नव्या इमारतींसाठी रेतीचे ट्रक दिवसभर धावू लागले.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून कायदा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ट्रॅक्टर शेतीचा असला तरी रस्त्यावर आला की त्याची नोंदणी हवी, विमा हवा, पुढे-मागे दिवे हवेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी. ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत. चालवणाऱ्याकडे ट्रॅक्टरचा परवाना हवा.

"रस्ता आपल्या दारात आला," आजोबा म्हणाले. "आपण कुठे गेलो होतो त्याच्या दारात?"

तरी त्यांनी एकेक करून सगळं पुरं केलं. नंबर स्वतःच्या हाताने रंगवला, आणि तो इतका सुबक झाला की शेजारी आपल्याही पाट्या घेऊन आले.

त्यांना हे सगळं हवं होतं ते आगेऱ्यासाठी. पावसाळा सरता सरता नव्या भाताची पहिली कणसं आपण देवळात नेतो, तो सण. चर्चला आपण देऊळच म्हणतो, हे तुमच्या बाबांनी सांगितलं असेलच. आपल्या घरची रीत अशी, की कापलेली पेंढी वेदीपाशी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. आजोबांच्या वडिलांनी ती बैलगाडीच्या जुवाला बांधून नेली, आजोबा ट्रॅक्टरच्या बॉनेटला बांधत. मागे ट्रॉलीत लाल लुगडी नेसलेल्या आळीतल्या बायका गाणी म्हणत बसत.

डांबर पडल्यानंतरच्या पहिल्याच आगेऱ्याला वळणावर पोलिसाने हात केला. "काका, ट्रॉलीत माल चालतो, माणसं नाही."

आजोबांची थोरली बहीण पुढे वाकून म्हणाली, "मग आम्हांला मालच समज रे बाबा. या वयात दुसरं काय उरलंय आमचं?"

पोलीसही हसला, पण सगळ्यांना उतरवलंच. बायका गात गात ट्रॉलीमागून चालल्या, आणि पुढे तीच पद्धत पडली.

मग परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. वयामुळे डॉक्टरांचा दाखला लागणार होता. डॉक्टरांनी डोळे तपासले, पुन्हा तपासले. काचबिंदू निघाला. उजव्या बाजूने येणारं काहीच त्यांना दिसत नव्हतं. डॉक्टर आपल्याच गावातले, लहानपणापासून आजोबांना मामा म्हणणारे. ते म्हणाले, "मामा, मला ही सही करता येणार नाही."

 घरी परतल्यावर, फाटकात शिरताना आजोबांनी मला विचारलं, "वाडीत चालवलेला चालतो ना?"

"वाडी म्हणजे सार्वजनिक रस्ता नाही," मी म्हटलं.

"मग फाटकापर्यंत मीच आणणार."

तुमच्या बाबांनी परवाना काढला. त्यानंतर दर आगेऱ्याला आजोबा पेंढी बॉनेटला बांधून केळींमधून ट्रॅक्टर आणत, डांबराच्या अलीकडे पुढची चाकं थांबवत आणि उतरत. तुमचे बाबा चढत. "हळू ने. कणसं झडतील," एवढंच आजोबा म्हणत. ते फोटो तिथले, चालवणारा बदलतानाचे. मग ते ट्रॅक्टरच्या पुढे चालू लागत, आणि पाय असे टाकत की जणू तोच त्यांच्यामागून येतोय.

तुमचे बाबा नोकरीसाठी तिकडे गेले त्या वर्षी मी म्हटलं, आळीतल्या कुणालातरी सांगू.  सणाच्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झालेला ऐकून मी बाहेर आले. केळींमधून तो नेहमीसारखा आला, नेहमीच्याच जागी थांबला. आजोबांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे, मान पार वळवून. खाली उभं कुणी नव्हतं. एक ट्रक गेला, मग रिक्षा गेली. आजोबांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत.

मी बॉनेटची दोरी सोडली आणि पेंढी दोन्ही हातांत घेतली. इंजिनाच्या उबेने ती गरम झाली होती. "उतरा आता," मी म्हटलं, "पलीकडे बायकांची गाणी सुरू झालीत."

ते उतरले. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला आणि मला सांगत राहिले, "थांब. गाडी येतेय. आता चल." त्यांना दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. मी थांबत होते, चालत होते.