कुत्र्याला कासरा

तुम्ही पिल्लासाठी दोरी आणायला गेलात आणि दुकानातल्या भिंतीचा फोटो मला पाठवलात. निळ्या, गुलाबी, चामड्याच्या, साखळीच्या, कितीतरी दोऱ्या ओळीने टांगलेल्या. खाली लिहिलं होतंत, "आजी, यातली कुठली घेऊ?" मी लगेच उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, आजीचा डोळा लागला. डोळा लागला नव्हता. मी दाराशेजारच्या खुंटीकडे बघत बसले होते.

दोऱ्यांबद्दल मला बरंच सांगता येईल. मी शिस्तीची बाई आहे, माझ्या घरात कात्रीलाही जागा ठरलेली असते. तेव्हा क्रमानेच सांगते.

तुमच्या आजोबांना पहिला झटका आला, त्यातून ते उठले. बोलू लागले, चालू लागले. उजवा पाय जरा ओढला जायचा. पण उजव्या हाताची जाण गेली ती गेलीच. मूठ वळायची, मात्र मुठीत काय आहे ते त्यांना कळायचं नाही. कप हातात आहे की नाही, हे बघून ठरवावं लागायचं. आणि डाव्या हाताने काही करायला ते तयार नव्हते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, सोबत कोणीतरी ठेवा म्हणाले. घरी आल्यावर आजोबा मला म्हणाले, "तू माझा दंड धरून मला नगरभर मिरवणार असशील, तर मी घरातच बरा."

तोडगा त्यांनीच काढला. आमच्या फाटकापाशी एक गावठी कुत्रा येऊन राहिला होता. बाजरीच्या भाकरीचा रंग, एक कान उभा, एक पडका. तुम्ही त्याला फोनवर पाहिलं आहे. नाव असं आम्ही ठेवलं नाही. आजोबा त्याला 'गड्या' म्हणत. "मी ह्याला फिरवून आणतो," असं म्हणून ते संध्याकाळी निघू लागले. लोकांना एवढंच दिसायचं, की एक निवृत्त गृहस्थ कुत्रा फिरवतायत. त्यांना तेवढंच हवं होतं. आणि ते त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये, एवढंच मला हवं होतं.

पहिली दोरी मी आणली. नायलॉनची, मोबाईलवरून मागवलेली. सुबक, हलकी, धुवायला सोपी. इंग्रजीत लिहिलेलं सगळं मी नीट वाचून मागवली होती. एका संध्याकाळी गल्लीतून शेळ्यांचा कळप गेला आणि कुत्र्याने झेप घेतली. तळहातातून दोरी सर्रकन गेली. आजोबा घरी आले, खुर्चीवर बसले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तर सदऱ्यावर रक्त. त्यांनीही खाली पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे कुणाचं रक्त?"

मी त्यांचा हात उघडून दाखवला. तळव्याची साल निघाली होती. कुत्रा खुर्चीखाली जाऊन बसला होता.

मग साखळी. तिचा आवाज होतो, तो त्यांना आवडायचा. हाताला कळलं नाही तरी कानाला कळायचं. पण ती जड. कुत्रा मान खाली घालून चालायचा, कोणी शिक्षा केल्यासारखा. आणि नगरचं ऊन कसं असतं ते तुमच्या वडिलांना विचारा. दारातल्या बाकावर ठेवलेली साखळी मी उचलली आणि टाकूनच दिली, इतकी तापली होती. ती त्यांच्या हातात असती तर त्यांनी धरूनच ठेवली असती.

मग तुमच्या वडिलांनी तिकडून चामड्याचा लांब पट्टा पाठवला. फार देखणा. आजोबांनी त्याला तेल लावलं, शेजाऱ्यांना दाखवला. मी रोज झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने फाटकाशी उभी राहत असे. एके दिवशी ते कोपऱ्यावरून वळले. उजवी मूठ घट्ट, पुढे धरलेली. मुठीत काहीच नव्हतं. पट्टा कुठेतरी गळून पडला होता आणि कुत्रा त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीने, तो धुळीत ओढत येत होता. फाटकापाशी आल्यावर त्यांनी मूठ उघडली, जणू आत्ताच सोडला. मी म्हणाले, "आलात? चहा टाकते."

चहा पिताना ते म्हणाले, "मला कळलं होतं. पाण्याच्या टाकीपासून." थोड्या वेळाने म्हणाले, "कासरा आणू या."

कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायची लांब दोरी. आजोबांचं लहानपण खर्ड्याजवळच्या शेतात गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला गेलो. शिंगणापूरला निघालेल्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत पोचलो. दोऱ्या विकणाऱ्याने पुढे केले ते नायलॉनचेच कासरे, पिवळेजर्द.

"सुताचा दाखवा," आजोबा म्हणाले.

"सुताचा आता कोण घेतंय बाबा? पोळ्यापुरता ठिवतो चार. किती बैलं हायेत?"

"बैल नाही. कुत्रा आहे."

तो आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असा हसला. "कुत्र्याला कासरा? औताला जुपता का काय त्याला?"

"त्यानंच मला जुपलंय," आजोबा म्हणाले.

सगळे हसले. आजोबाही हसले. झटक्यानंतर ते चारचौघांत हसलेले मी पहिल्यांदा पाहत होते.

घरी येऊन त्यांनी मला कासऱ्याला गाठी मारायला लावल्या, हात घसरला तर गाठीशी अडेल अशा. मनगटाला वेढा मात्र घेऊ दिला नाही. जनावर उधळलं तर माणूस फरपटतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी फिरून आले तेव्हा चेहरा उजळला होता. "हाताला कळत नाही," ते म्हणाले, "पण हा जाड आहे, ओढ थेट खांद्यात येते. खांद्याला कळतं गड्या कुठे आहे ते."

त्यानंतर ते एकटे फिरायला जात राहिले. कुत्रा त्यांचा पाय ओढला जाण्याचा वेग शिकला. थांबायच्या जागा शिकला. रिक्षाने कुठे जायचं असलं तर आधी तो चढे आणि बाजूला सरकून आजोबांना जागा करून देई. कासऱ्याचं हातातलं टोक काळपट, मऊ झालं. मी धुवायला मागितला की म्हणत, "राहू दे, आता कुठे तो हाताचा झालाय."

दुसरा झटका सकाळी आला, खुर्चीतच. ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही येऊ शकला नाहीत, त्याचं मनात काही ठेवू नका.

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं आणि कुत्रा खुंटीखाली उभा होता. कासऱ्याकडे बघत. दुसऱ्या दिवशीही. दिवस झाले, पाहुणे गेले, मग मीच कासरा काढला आणि त्याला घेऊन निघाले. तो माझ्या वेगाने चाललाच नाही. जिथे आजोबा थांबत तिथे थांबायचा, मान वळवून वर बघायचा, आणि मग पुढे.

पुढे एकदा आमच्या समोरून एक गृहस्थ चालले होते. आजोबांसारखी पांढरी टोपी, पाय किंचित ओढत. कुत्र्याने जी धाव घेतली, तिला मी काय आवरणार? मी पडले. माझं मनगट मोडलं. रस्त्यावर पडल्या पडल्या मी पाहिलं, तो त्या माणसापाशी पोचला, त्याचा हात हुंगला आणि परत आला. माझ्याशेजारी येऊन बसला. त्या दिवसानंतर तो खुंटीखाली उभा राहिला नाही.

तुमच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, आई, आता कुत्रा नको. ते बरोबरच होतं. एका हाताने माझा स्वयंपाकही होत नव्हता. माझी धाकटी जाऊ खर्ड्याहून टेम्पो घेऊन त्याला न्यायला आली. मी त्याचं ताटलीपासून सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं. कासरा त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधलेलाच होता. मी ठरवून टाकलं होतं की तो त्याच्याबरोबर जाईल. आजोबांच्या हाताचा वास निदान एकाजवळ तरी राहावा.

जाऊबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आवो बाई, दावं कशाला देताय? एवढं इंग्रजी शिकलात, अन् एवढं ठावं न्हाई व्हय? जनावर दिलं तरी दावं घरीच ठिवायचं आसतं. नेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं."

"ते गाईम्हशींचं. हा कुत्रा आहे," मी म्हणाले.

"गळा त्यो गळाच. दावं गेलं की दावण उठली."

"इथे आता जनावरांची कुठली दावण?"

त्या जवळ आल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् ह्ये दावं नेलं तर त्यो तिथं भावजींचा वास हुंगत बसंल. आन्नाला शिवायचा न्हाई. ऐका माझं."

भावजी म्हणजे तुमचे आजोबा. जाऊबाईंनी कमरेची पिशवी उघडून आपलं दावं काढलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची वेणी घालून वळलेलं, हिरवं, ठिकठिकाणी विटलेलं. प्लास्टरमुळे माझ्याने गाठ सुटत नव्हती. त्यांनीच कासरा सोडला, हिरवं दावं बांधलं, आणि कासरा गुंडाळून माझ्या चांगल्या हातात दिला. कुत्र्याने एकदा तो हुंगला.

टेम्पोच्या मागच्या बाजूला तो उडी मारून चढला. आणि चढून बाजूला सरकला. जागा करून दिली त्याने. मग माझ्याकडे बघत उभा राहिला, मी का चढत नाही म्हणून. जाऊबाई चढल्या, फळी लावली, तरी तो कोपऱ्यातच अंग चोरून होता.

आता तो तिकडे बरा आहे. पहिले काही दिवस खाल्लं नाही, मग खाल्लं. परवा जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "आता त्याला बांधतच न्हाई मी. शेळ्यांमागं जातो अन् दिवेलागणीला आपल्या पायानं येतो." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. पिल्लाला सुताची दोरी घ्या. जाड घ्या, गोल वळलेली. तिकडे मिळत असेल. मनगटाला गुंडाळू नका. तुमची आई म्हणाली, तिथलाच पाठवा की, आजोबांचा आहे, मुलांना आठवण राहील. मी खोका आणला, कासरा त्यात घातला, वरून कागद घातला. चिकटपट्टी लावायला घेतली आणि तो बाहेर काढून पुन्हा खुंटीवर लावला.

धुतलेला नाही. संध्याकाळ झाली की मी तो काढते, काळपट टोक मुठीत धरते आणि फाटकापर्यंत जाते. माझ्या हाताला सगळं कळतं, गाठी, पीळ, त्यांच्या बोटांची जागा. खांद्याला काहीच कळत नाही.

तो मागू नका. अजून नको.