न लावलेला पट्टा

सीना नदीला पूर आला तेव्हा लष्करातली आमची इंजिनिअर तुकडी माढा तालुक्यात उतरली. मी सुभेदार, एका बोटीचा इन्चार्ज. आता रिटायर होऊन सोलापुरात राहतो. मूळ माळशिरसचा असल्यामुळे गावकऱ्यांशी बोलायचं काम मेजर साहेबांनी माझ्याकडे दिलं होतं.

काम ठरलेलं होतं. वस्तीला बोट लावायची, माणसांना लाइफ जॅकेट चढवायचं, कोरड्या रस्त्यावर आणून सोडायचं. जॅकेटला छातीवर एक पट्टा, कमरेला एक आणि तिसरा दोन पायांमधून. हा तिसरा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खालून निसटतो. ट्रेनिंगमध्ये तो सुटा दिसला की मी पोरांना पुशअप्स मारायला लावायचो. पण ट्रेनिंगमध्ये सगळे पँटीतले पुरुष. साडी नेसलेल्या बाईला तो कसा लावायचा, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दुपारच्या फेरीत छबूबाई आणि त्यांचा मुलगा दत्ता बोटीत चढले. दत्ताचा पट्टा मी स्वतः ओढून बसवला. छबूबाई सहावारीत होत्या. त्यांनी लोंबणारा पट्टा हातात धरून विचारलं, "ह्यो कुटं लावायचा, दादा?"

मी पाण्याकडे बघत म्हणालो, "राहू द्या मावशी. तेवढा न्हाय लागत."

खोटं बोललो. मला संकोच वाटला आणि त्यालाच मी अदब समजलो. चिखलातून चालताना बाया साडी गुडघ्यापर्यंत खोचतातच की. नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी खोचून पट्टा स्वतः लावला असता.

बुडालेल्या उसाच्या फडावरून जाताना ठिबकच्या नळ्या मोटरच्या पंख्यात अडकल्या. मोटर बंद पडली. बोट आडवी झाली, विजेच्या खांबाला धडकली आणि उलटली. मी, मोटर चालवणारा नाईक राठोड आणि दत्ता, तिघं वर आलो. थोड्या अंतरावर एक जॅकेट तरंगत होतं. दोन्ही बकल बंद, आत कुणी नाही.

राठोडने पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. मी खांबाला धरून कमरेच्या वॉटरप्रूफ वायरलेस सेटवर कळवलं, "बोट उलटली. एक बाई मिसिंग. ओव्हर."

"जॅकेट होतं का? ओव्हर."

"होतं. ओव्हर."

रिपोर्टमध्येही तेवढंच गेलं. पुढच्या वर्षी नवी जॅकेटं आली, तीही तशीच; साडीवर तिसरा पट्टा कसा लावायचा, हे तेव्हाही कुणी शिकवलं नाही.

छबूबाई दुसऱ्या दिवशी सापडल्या. तेराव्याला दत्ताने निरोप पाठवला, म्हणून मी गेलो. त्याने माझा हात धरून मला फोटोपाशी नेलं आणि जमलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "ह्या साहेबांनी आईचा लई मान राखला. अंगाला हातसुदिक लावला न्हाय."

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्या हातात हार दिला. मी तो छबूबाईंच्या फोटोला घातला. त्यांच्या डोळ्यांकडे काही बघवलं नाही.