चौकातले रहिवासी

इटलीतल्या त्या डोंगरी गावाच्या चौकात एक दगड उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात गाव मुक्त करताना पडलेल्या परदेशी सैनिकांची नावे त्यावर कोरली आहेत. त्यांत माझ्या काकांचेही आहे. काकांना तिथेच अग्नी दिला, म्हणून कबर नाही. त्यांची खूण एवढीच.

दगडावर नगरपालिकेची नोटीस डकवलेली होती. इटालियन येणाऱ्या माझ्या मुलीने ती वाचून दाखवली: वाहनतळासाठी दगड हलवणार, हरकत फक्त रहिवाशांनी घ्यावी. कुठे हलवणार, याचा उल्लेखच नव्हता.

"ही नोटीस बेकायदा आहे!" मी कडाडलो.

"बाबा, हळू. हे तुमचं कोर्ट नाही."

त्याचेच तर भय वाटले. जन्मभर आयुक्तांना, मंत्र्यांना खरमरीत पत्रे लिहिली, ती स्वतःच्या भूमीवर उभे राहून. इथे मी पाहुणा. शिवाय क्रौर्याविरुद्ध दाद मागता येते. पण मुक्त झालेल्यांची नातवंडे निरागसपणे गाडी लावायला जागा शोधतात, तेव्हा त्या विसरण्याविरुद्ध कोणत्या कलमाखाली जायचे?

समोरच्या पायरीवर एक आजी शेंगा सोलत होत्या. दगडावर बाबांच्या काकांचे नाव आहे, पण आम्ही इथले रहिवासी नाही, असे मुलीने त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले. त्या फणकारल्या, "तुम्ही नसाल. पण तुझ्या बापाचा काका युद्धापासून इथेच आहे ना? तो गाव सोडून गेला कधी?"

मी कागद काढला. अर्जदार म्हणून काकांचे नाव लिहिले, पत्ता म्हणून तो चौक. सही कोणी करायची, या प्रश्नापाशी अडलो, तेव्हा आजींनी माझ्या हातातून पेन घेतले. काकांच्या नावाखाली त्यांनी स्वतःची सही केली.