बाटलीवर वडीगोद्री

१४ ऑक्टोबर. छाटणीच्या कात्र्यांना तेल लावायला बसले होते. दरवर्षी हे काम मिलिंद करायचा. माझा धाकटा भाऊ. गेल्या महिन्यात मी शाळेत वर्गावर असताना शेजारच्या शेतातून फोन आला, "ताई, मिलिंद बागेत पडलाय, जल्दी या..." मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

वडीगोद्रीत आमच्या आजूबाजूला मोसंबी आणि ऊस. मिलिंदनं नाशिककडे वायनरीत काही वर्षं काम केलं आणि येताना वाइनच्या द्राक्षांच्या काड्या आणून आमच्या रानात लावल्या. "वाइन म्हणलं की सगळे नाशिकला पळतात. आपल्या रस्त्यावर चहा पिऊन पुढं जातात. या मुरमाची चव कुणी घेतलीच न्हाई," म्हणायचा. माय भडकली. आम्ही बौद्ध, घरात रोज पंचशील होतं, आणि पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं.

"सकाळी शील घ्यायचं आन् दिवसभर दारूला पाणी द्यायचं?"

"दारू उसाच्या मळीची बी होती, माय. मंग ऊसवाल्यांना का न्हाई बोलत?"

"ते माझ्या पोटचे न्हाईत."

शील त्यानं मोडलं नाही. वायनरीत चव बघायची वेळ आली की घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि खळखळून चूळ भरायचा. तिथले साहेब खूश. हा तर पक्का जाणकार, जाणकार असंच थुंकतात! मिलिंदनं त्यांना खरं कारण कधी सांगितलं नाही. घरी येऊन मात्र पोट धरून हसायचा.

इतकी वर्षं त्याची द्राक्षं नाशिकच्या टाकीत मिसळून जायची. यंदा वायनरीनं पहिल्यांदाच कबूल केलं होतं, माल वेगळा ठेवू, बाटलीवर गावाचं नाव घालू. त्यासाठी छाटणी वेळेत हवी. काल तिथून फोन आला. चार शब्द सांत्वनाचे, मग, "या आठवड्यात जमलं नाही तर दुसरी बाग बघावी लागेल."

आज मजूर आले होते. मुकादमानं विचारलं, "बाई, काडीवर डोळे किती ठेवायचे?" डोळे म्हणजे जिथून फूट निघते त्या गाठी. चुकीच्या डोळ्यावर कापलं तर घड येतच नाहीत. मिलिंद प्रत्येक काडी बोटांत फिरवून ठरवायचा, वेलीगणिक वेगळं. मी वायनरीत फोन करून विचारलं. "ते मिलिंदलाच माहीत," ते म्हणाले. मुकादम मजूर घेऊन मोसंबीच्या कामाला निघून गेला...

मिलिंद गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेंच्या मागून सगळे शील म्हणत होते. पाचव्याला मायचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. लोक गेल्यावर म्हणाली, "काढून टाक ती बाग. तिनंच नेला त्याला." बाग काढली तर त्याचं काहीच उरत नाही. चुकीची छाटली तरी नाही. ज्याला विचारावं, असं माणूस उरलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर. सकाळी शाळेत रजा कळवली आणि बागेत गेले. पहिल्या वेलीची काडी बोटांत फिरवून पाहिली. मला काहीही कळलं नाही. अंदाजानं कापली. मग दुसरी. मागे वळले तर माय खाली पडलेल्या काड्या गोळा करत होती.

"बराबर कापून राह्यली का तू?"

"माहीत न्हाई."

"मंग?"

मी पुढची काडी कापली.