सकाळचा पाय

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘चालतीबोलती’ म्हणत. कामच तसं होतं. नवा पाय साच्यातून निघाला की तो गुडघ्याखालच्या नळीला बसवायचा, दिवसभर जिने, उतार, खडी तुडवायची, संध्याकाळी कसा आहे ते सांगायचं आणि तोच लावून घरी जायचं. तिचा डावा पाय तरुणपणीच ट्रकखाली गेला होता. “असलेल्या पायाला कोणी विचारलं नाही,” ती म्हणायची, “नसलेल्यानं घर चालवलं.”

आता मात्र ती दमली होती. दमली म्हणजे अगदी मेटाकुटीला आली होती. सकाळी पाय लावून उभी राहिली की कंबरेपासून सगळं जखडलेलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचं, कठडा धरायचा, देवाला चार शब्द सुनवायचे आणि पुढे व्हायचं. सून मागून म्हणायची, “आई, पुरे झालं आता. घरी बसा की.” सून वाईट नव्हती हो. पण बसणं म्हणजे काय ते हिला ठाऊक होतं. हिची आई अशीच एकदा खुर्चीत बसली, ती पुन्हा उठलीच नाही. घरातले तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागले. हिला त्याचीच धास्ती होती.

सध्या तिच्याकडे असलेला पाय नव्या मिश्रणाचा होता. जुना निव्वळ रबराचा; लवचीक, पण वर्ष सरता सरता चवड्याशी चिरायचा. म्हणून प्रयोगशाळेतल्या मॅडमनी रबरात प्लॅस्टिक मिसळून पाहिलं. मॅडम तरुण, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत.

“मावशी, रबरात लांबच लांब धागे असतात, एकमेकांत गुंतलेले आणि सारखे वळवळणारे. म्हणून ते दबतं आणि परत उसळतं. प्लॅस्टिकचे धागे आखडलेले. दोन्ही कितीही मळा, एकजीव होत नाहीत. रबरात प्लॅस्टिकची बारीक बेटं राहतात. शेजारचे रबराचे धागे त्या बेटांना चिकटतात, त्यांची वळवळ कमी होते. पाय थोडा ताठ होतो, पण चिरत नाही.”

“शेजार वाईट, दुसरं काय!” ती म्हणाली, आणि मॅडम खो खो हसल्या.

पाय खरंच चिरला नाही. रोज संध्याकाळी मॅडम विचारायच्या, “कसा आहे?” आणि बस पकडायची घाई असलेली ही म्हणायची, “बरा आहे.” खोटं नव्हतं ते. संध्याकाळी तो बराच असायचा. सकाळी जे आखडतं ते आपलं वय, असं तिनं ठरवून टाकलं होतं, आणि वयाची तक्रार मॅडमकडे काय करायची? तिच्या ‘बरा आहे’वर पाय मंजूर झाला, पहिली खेप बाहेरगावी गेलीसुद्धा. थंडी वाढली तशी हिनं हाय खाल्ली. “सोडते नोकरी,” तिनं सुनेला सांगितलं, आणि सांगताना रडू आवरेना.

शेवटच्या दिवशी नवा पाय परत द्यायचा होता. तो पिशवीत टाकला आणि कॉटखालचा जुना, चिरलेला रबरी पाय झटकून लावला. कडाक्याची थंडी होती. उद्यापासून दिवस कसा काढायचा याच विचारात ती खाली दारापाशी आली, तेवढ्यात सून वरून ओरडली, “अहो आई, आज जिन्यात थांबला नाहीत तुम्ही?”

नव्हतीच थांबली. कठडाही धरला नव्हता.

अगं बाई! लोकांना नाचता येत नाही आणि ते अंगणाला वाकडं म्हणतात. इथे अंगणच वाकडं होतं, आणि ही वेडी इतके दिवस स्वतःला बोल लावत होती. आनंद झाला तिला, रस्ता ओलांडेपर्यंत. मग स्वतःचाच राग आला.

कारखान्यात तिनं जिन्याचं सांगितलं, तशी मॅडमनी पिशवीतला पाय काढून वाकवून पाहिला. थंडगार, ताठ. त्यांचा चेहरा उतरला.

“थंडीत धाग्यांची ती वळवळ आणखी मंदावते. दिवसभर चालून आत ऊब येते, मग सैल होतो. आणि मी विचारायचे संध्याकाळी.” मग त्या म्हणाल्या, “पण मावशी, तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?”

“मला वाटलं, मीच आखडले.”

मॅडमनी पाय टेबलावर ठेवला. प्लॅस्टिक कमी करू, पुन्हा मळू, गेलेल्या पायांची तक्रार आली की ते परत मागवू, असं काहीबाही बोलत राहिल्या.

“तक्रार यायची नाही,” ती म्हणाली. “ते पण आपापल्या जिन्यात थांबून वयालाच शिव्या घालत असतील. एखादी एव्हाना खुर्चीत बसलीही असेल.”

मॅडमनी खेपेची वही पुढे ओढली. हिचा जीव शिणला होता. दोन मिनिटं ती टेबलाला टेकून उभी राहिली. मग रिकामी पिशवी तिनं घडी करून काखेत मारली.

“नोकरी सोडायचं मागाहून बघू. पाय कुठे कुठे गेलेत ते सांगा, मी जाऊन येते. पण पहिल्या बसनं जायला हवं हं. दुपारी गेले तर म्हणतील, बरा आहे.”