राहिलेली हळद

कडूबाई आज निवृत्त होतेय आणि सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नाय. शहराबाहेरच्या विषाणूंच्या प्रयोगशाळेत तिनं पंधरा वर्षं भांडी निर्जंतुक केली. शाल-नारळ झालं, पेढे झाले, पण बाईची नजर राहून राहून टोकाच्या त्या काचेच्या खोलीकडंच जातेय.

सहा वर्षं झाली त्याला. एकुलत्या लेकीचं, मोनालीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. गुलमंडीच्या कासारानं घरी येऊन सगळ्या बायांना हिरव्या बांगड्या भरल्या. आत जाताना अंगावर काही ठेवायचं नाय, हा नियम नव्या पोरींना शिकवायची कोण? कडूबाईच! पण लग्नघरातल्या सवाशिणीनं भरलेला हात मोकळा करायचा? तिचं मन काही धजेना. दोन्ही हातांत एकेक बांगडी ठेवली अन् वर दुहेरी हातमोजे चढवले. म्हणे, कोणाला दिसतंय!

जीवघेण्या तापाच्या नमुन्यांचं काम चाललं होतं. वापरलेल्या नळ्यांचा डबा उचलताना मनगट कपाटाच्या कडेवर आपटलं. बांगडीची काच मनगटात रुतली, वरचे दोन्ही मोजे फाटले. रक्ताचा एकच थेंब. तिथं काम करणाऱ्या शास्त्रज्ञ तनुजा मॅडम पाठमोऱ्या होत्या, त्यांना काही कळलं नाय.

सांगावं तर एकवीस दिवस कोंडून घेणं आलं, म्हणजे लग्न हुकलं. आई असून हुकलं! न सांगावं तर ह्याच हातानं लेकीच्या गालाला हळद लावायची.

"मॅडम," ती ओरडली, "बांगडी वाढवली. मला लागलंय."

मॅडमनी आधी तिला बाहेर काढलं, पंधरा मिनिटं साबणपाण्यानं जखम धुववली. "दाबू नका, चोळू नका." मग मात्र अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. शेवटी म्हणाल्या, "पण सांगितलंत, कडूबाई."

मग ती काचेची खोली. दिवसातून दोनदा ताप बघायचा. वैजापूरला लग्न लागलं, ते कडूबाईच्या नवऱ्यानं, सोमनाथनं मोबाइलवर दाखवलं. हिनं डब्यातल्या भाताची शितंच अक्षता म्हणून मोबाइलवर टाकली अन् पोटभर रडली.

बाविसाव्या दिवशी, सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यावर दार उघडलं. फाटकात मोनाली उभी, सासरहून थेट आलेली, हातात वाटी.

"आई, सगळ्यांनी लावली. तुझीच राहिलीय."

कडूबाईनं आपला हात उलटासुलटा करून पाहिला. मग लेकीच्या गालाला हळद लावली.